चांगलं बोलणारी तीन माणसं

नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीतल्या मुलीचा पहिला फोन आला तेव्हा मी गाळ्यात बसून एका जाड कोटाची शिवण उसवत होते. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर माझा छोटासा गाळा आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करून द्यायचे, हे माझं काम. आमच्या ह्यांनी फोन उचलला नाही म्हणून तिने अर्जावरचा दुसरा नंबर लावला होता, म्हणजे माझा.

"काकू, सरांचा बायोडेटा माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. "एक विचारू का? हा त्यांनी स्वतः लिहिलाय, की त्यांच्यावर कुणी सूड उगवलाय?"

मी म्हटलं, वाचून दाखव. तिने वाचलं. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. इथवर ठीक होतं. पुढे लिहिलं होतं: डाव्या कानाने कमी ऐकू येतं. बोलणं तुसडं असल्याची सहकाऱ्यांची तक्रार आहे. कॉम्प्युटर येतो, पण सावकाश. सोळा वर्षांपूर्वी तडे गेलेल्या भागांचा एक लॉट हातून पास झाला, गिऱ्हाइकाकडे दोन पंप फुटले, चूक माझी. वय त्रेपन्न.

"आणि चांगलं?" मी विचारलं.

"खाली सही आहे," ती म्हणाली. "सही छान आहे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी कुठेतरी आत लागलंही. कारण हा माणूस असं का लिहितो हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या ह्यांच्या धंद्यात तपासणीचा एक कागद असतो. त्याच्यावर जे चुकलंय तेवढंच लिहायचं. भोक वाकडं आहे, कड खरबरीत आहे, जाडी कमी आहे. जे बरोबर आहे त्याची जागा कोरी सोडायची. सव्वीस वर्षं रोज असे चाळीस-पन्नास कागद भरल्यावर माणसाची बोटंच तशी वळतात. घरातही तेच. नळ ठिबकतो, खिडकी घासते, घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, हे सगळं मला रोज ऐकायला मिळायचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण आजची भाजी चांगली झालीय हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. ताट स्वच्छ झालं की ते मी ओळखून घ्यायचं.

कारखाना बंद पडून तेव्हा आठ महिने झाले होते. पहिले दोन महिने ह्यांनी रोज सकाळी सातला तयार होऊन अर्ज केले. मग दाढी एक दिवसाआड झाली. मग अर्जही एक दिवसाआड. उत्तरं येईनात. एका ठिकाणी वय ऐकूनच फोन ठेवला, आणि त्या दिवशी हे संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं एकेक काढून परत लावत बसले होते. कुठलं सैल आहे ते बघायला. मला तो आवाज अजून आठवतो.

तर ही मुलगी. तिला प्रत्येक वाक्यानंतर "परफेक्ट" म्हणायची सवय होती. उद्या येता का? परफेक्ट. अकरा वाजता? परफेक्ट. म्हणून मी तिचं नाव परफेक्टच ठेवलं. ह्यांना त्या शब्दाची चीड.

"अगं मुली, परफेक्ट असं जगात काही नसतं," पहिल्याच भेटीत ह्यांनी तिला सुनावलं. "मर्यादेत असतं, नाहीतर मर्यादेबाहेर असतं."

"परफेक्ट," ती म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

त्या भेटीला मीही गेले होते, कारण एकटे गेले असते तर हे दारावरची पाटी तिरकी आहे एवढं सांगून परत आले असते. तिचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. तीन टेबलं, एक पंखा, आणि काचेच्या खोलीत तिचा साहेब. मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. टेबलाखाली चपला काढून अनवाणी बसायची. आमच्यासमोर ती ह्यांचा बायोडेटा उलटा करून कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला लागली. सव्वीस वर्षांत किती माल तपासला? किती गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी झाल्या? हे प्रत्येक प्रश्नाला आधी वर बघायचे, मग खरा आकडा सांगायचे. आकडे इतके मोठे निघाले की मीच तोंडात बोट घातलं. हा माणूस हे सगळं करून घरी यायचा आणि मला सांगायचा काय, तर बसमध्ये तिसऱ्या सीटचा स्क्रू ढिला होता.

तिने ह्यांना गृहपाठ दिला. "सर, मुलाखतीत स्वतःबद्दल चांगलं बोलावं लागतं. सवय नसेल तर एकदम जमणार नाही. घरात रोज एका गोष्टीबद्दल चांगलं बोलायचं. मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ बसले. मी ओट्यापाशी पाठ करून उभी होते, पण कान तिकडेच.

"चहा," हे म्हणाले.

"हं?"

"चहा मर्यादेत आहे."

मी साखरेचा डबा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तोंडाला पदर लावून हसले. नंतर परफेक्टला फोनवर सांगितलं तर तीही इतकी हसली की तिच्या साहेबाने काचेवर टकटक केली म्हणे.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. तीन आठवड्यांनी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या फाइली महिनाअखेर बंद करा, असं तिच्या साहेबाने बजावलं होतं. त्यांच्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही. तिच्याकडे ह्यांच्याजोगी एकच जागा होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या बनवणारी एक कंपनी. तिथे बाहेरून येणारा माल तपासायला माणूस हवा होता.

ह्यांना ते कळल्यावर हे म्हणाले, "बाळाच्या पेटीत चूक चालत नाही." आणि आतून व्हर्निअर आणून कापडाने पुसत बसले. व्हर्निअर म्हणजे ह्यांचं मापायचं हत्यार. माझ्यापेक्षा जुना सोबती आहे तो. जाडी, भोक, खोली, केसाएवढा फरक सांगतो. पुसून झाल्यावर ह्यांनी तो पेटीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे शेवटचं. इथे नाही झालं तर मी अर्ज करायचं बंद करणार."

"बंद करून काय करणार?"

"बसेन," हे म्हणाले.

हा माणूस बसला तर परत उठायचा नाही, हे मला माहीत होतं.

मुलाखत झाली. परफेक्ट बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती, तिचं काम नसताना. हे बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, कसं झालं. "मर्यादेत," हे म्हणाले, आणि ती उडीच मारायची बाकी राहिली होती. आता एकच पायरी उरली. कंपनीला तीन माणसांची नावं आणि नंबर हवे होते, ह्यांच्याबद्दल सांगू शकतील अशी. त्यांच्याशी बोलून मग निर्णय.

ह्यांनी त्याच संध्याकाळी कागद भरला आणि तिला पाठवला. मी बघितला नाही. आता वाटतं, बघायला हवा होता. पण सत्तावीस वर्षांत ह्यांच्या कागदात मी कधी डोकं घातलं नव्हतं, आणि तीन नावं लिहिण्यात काय चुकणार?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला परफेक्टचा फोन. या वेळी "परफेक्ट" नव्हतं. नुसतं नाक ओढणं.

"काकू, हे तिघं सरांचे मित्र आहेत ना?"

"कोण तिघं?"

तिने वाचलं. पहिले, फाउंड्रीचे मालक. ते पंपाचे भाग लोखंडात ओतून द्यायचे. दुसरे, कारखान्याचे स्टोअरकीपर. तिसरा, लेथ मशीनवरचा एक ऑपरेटर.

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. फाउंड्रीच्या मालकांना आमच्या घरी भट्टीवाले म्हणतात. त्यांचे अकरा लॉट ह्यांनी परत पाठवले होते. भरलेले टेम्पोच्या टेम्पो. एकदा तर ते कारखान्याच्या गेटवर ह्यांच्या अंगावर धावून आले होते, वॉचमनने धरलं म्हणून निभावलं. स्टोअरकीपरची ह्यांनी वर लेखी तक्रार केली होती. आणि त्या ऑपरेटरला ह्यांनी मशीनवरून काढायला लावलं होतं.

"मी न बघता पुढे पाठवली यादी," परफेक्ट रडत म्हणाली. "मला वाटलं सरांनी दिलीत म्हणजे जवळची असतील. मी आधी स्वतः फोन करून बघायला हवं होतं. हेच तर माझं काम आहे. माझ्यामुळे सरांचं..."

"तू आधी पाणी पी," मी म्हटलं. गाळ्याचं शटर ओढलं आणि तरातरा घरी गेले.

हे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बूट पॉलिश करत होते. नव्या नोकरीसाठी. ते बघून माझा राग अर्धा झाला, पण उरलेला अर्धाही काही कमी नव्हता.

"तुमच्याकडे चांगलं बोलणाऱ्यांची यादी मागितली होती," मी म्हटलं. "वैऱ्यांची नाही!"

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. "चांगलं बोलणाऱ्यांची नाही मागितली. मला ओळखणाऱ्यांची मागितली."

"अहो, मग ते शेजारच्या डिपार्टमेंटचे, दर दिवाळीला मॅनेजरबरोबर हसत फोटो काढणारे तुमचे दोस्त, ते कुठे गेले?"

"त्यांचं काम मी कधी तपासलं नाही. मी कसा आहे हे त्यांना काय माहीत?" हे अगदी शांतपणे समजावत होते, जणू मीच नवीन भरती झाले होते. "ज्यांचा माल मी परत पाठवला, त्यांनाच माहीत. ते चांगलं बोलतील असं नाही. खरं बोलतील."

"आणि खरं ऐकून तुम्हाला कोण ठेवून घेईल?"

ह्यांनी बुटाची नाडी सोडवून परत बांधली. तेव्हा मला कळलं की हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेलेला होता. येऊन गेला होता, आणि तरी त्यांनी तीच नावं लिहिली होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी परत गाळ्यावर आले, शिवणयंत्राच्या खुर्चीत बसले, आणि भट्टीवाल्यांना फोन लावला. विनवणी करायची म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांच्या पाठीमागे काही करत होते.

"वहिनी तुम्ही?" पलीकडून भट्टीचा घरघराट आणि त्याच्या वरताण ओरडणं. "उशीर केलात. त्या कंपनीच्या बाईंचा फोन येऊन गेला की सकाळीच."

मी कपाळाला हात लावला. "काय सांगितलंत तुम्ही?"

"त्यांनी विचारलं, माणूस कसा आहे. मी म्हटलं, छळवादी आहे."

"अहो!"

"मग काय खोटं सांगू? सव्वीस वर्षं रक्त आटवलंय तुमच्या साहेबांनी माझं. अकरा लॉट परत! आठव्या वेळी मी त्यांना म्हटलं, एवढी अक्कल आहे तर येऊन दाखवा माझ्या भट्टीवर. मला वाटलं, गप्प बसतील. तर रविवारी सकाळी दारात हजर. तीन रविवार आले. माझ्या माणसांबरोबर धुरात उभे राहिले, घोटभर पाणी सोडून माझ्याकडचं काही घेतलं नाही. तिसऱ्या रविवारी सापडलं. साच्याच्या वाळूत ओल राहत होती. छपराला चीर होती, तिथून."

ते तीन रविवार! मला लख्ख आठवले. मी विचारलं होतं, कुठे जाता, तर हे म्हणाले होते, काम आहे. त्यावरून मी पंधरा दिवस अबोला धरला होता. आणि या पठ्ठ्याने तोही मुकाट्याने सोसला होता.

"हे सांगितलंत का त्यांना?" मी विचारलं.

"ते कुठे सुचलं तेव्हा! त्या बाई भराभर विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, या माणसाबरोबर परत काम कराल का?" भट्टीवाल्यांचा आवाज खाली आला. मागचा घरघराट तेवढा चालू राहिला. "मी म्हटलं, बाई, तो कारखाना बंद पडल्यापासून माझा माल कुणी परत पाठवत नाही. नवीन गिऱ्हाईक डोळे मिटून सही करतं. नऊ महिने होत आले, माझ्या भट्टीतून काय बाहेर जातंय ते मलाच कळेनासं झालंय. अन्न गोड लागत नाही मला."

"मग?"

"मग त्या थँक्यू म्हणाल्या आणि ठेवला फोन."

"थँक्यू कसं म्हणाल्या? खुशीने, की टाळायला?"

"ते मला काय कळतंय वहिनी," ते म्हणाले, "मी लोखंड ओततो."

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही. छळवादी हा शब्द त्या बाईंच्या डोक्यात राहिला की दुसरं काही, हे मला तरी कुठे कळत होतं? उगीच आशा लावायची आणि मग ती मोडायची, एवढी ताकद माझ्यात नव्हती. दोन दिवस मी ज्या कपड्याला हात लावला त्याची शिवण वाकडी गेली. परफेक्ट दर दोन तासांनी फोन करायची आणि आम्ही दोघी एकमेकींना धीर द्यायचो. स्टोअरकीपर आणि तो ऑपरेटर कंपनीला काय म्हणाले, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फोनवर न बोलता थेट गाळ्यात आली. औषधाच्या दुकानापासून धावत आली असावी. पायात एका जोडीची डावी आणि दुसऱ्या जोडीची उजवी चप्पल होती.

"झालं काकू," ती म्हणाली आणि कापडांच्या ढिगावर बसली. "घेतलं सरांना. एक तारखेपासून. त्या बाई मला म्हणाल्या, आम्ही एवढ्या लोकांची चौकशी करतो, सगळे म्हणतात माणूस चांगला आहे. पण हा नाही म्हणून एखाद्याचं अडतंय, असं पहिल्यांदाच ऐकलं."

मी तिला जवळ ओढलं. माझी पोर असती तर तिच्याएवढीच असती. दोघी रडलो, आणि एक गिऱ्हाईक बाई दारातूनच मागे फिरली. "आता तूच चल आणि सांग," मी म्हटलं. पण ती उठली. म्हणाली, "नको काकू. तुम्ही सांगा. मला अजून साहेबांना सांगायचंय, की फाइल बंद करा. जागा भरली."

मी घरी गेले. हे स्वयंपाकघरात मोरीपाशी फरशीवर पाय पसरून बसले होते, नळाचा पाइप सोडवून. सगळीकडे पाणी झालं होतं. मी दारातच सांगून टाकलं, नोकरी लागली. हे उठले नाहीत. हातातला पाना बाजूला ठेवला आणि विचारलं, "कुणी काय सांगितलं?"

मग मी सगळं सांगितलं. छळवादी, अकरा लॉट, तीन रविवार, अन्न गोड लागत नाही. एकही शब्द गाळला नाही. हे खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील, अकरा नव्हे, बारा. पण त्यांचे खांदे हलायला लागले.

"त्याला माझा राग नाही?" हे म्हणाले.

"नाही हो."

"मला वाटायचं, सगळ्यांना आहे," ह्यांनी ओल्या हाताने डोळे पुसले. "गेटमधून आत शिरलो की सगळे बोलायचे थांबायचे. जेवायला मी एकटाच बसायचो. मला वाटायचं, असायचाच. काम तसं आहे, कुणाला आवडेल?"

मी दाराला धरून उभी राहिले. सव्वीस वर्षं मी या माणसाला डबा भरून दिला. रिकामा डबा घासला. आणि तो कुणाबरोबर बसून खातो, हे एकदाही विचारलं नव्हतं. आपल्यावर सगळे चिडून आहेत असं समजून हा माणूस रोज सकाळी सातला तयार होऊन निघायचा आणि संध्याकाळी येऊन मला बसचा ढिला स्क्रू सांगायचा. मला त्याची इतकी माया आली की ती कुठे ठेवावी ते कळेना.

ह्यांनी वर बघितलं. डोळे लाल झाले होते.

"आणि तुला?" हे म्हणाले. "तुला येतो का गं माझा राग?"

"रोज येतो," मी म्हटलं, आणि साडी वर न खोचता तशीच त्या पाण्यात त्यांच्या शेजारी जाऊन बसले.